ब्लॉग लिहू लागली अन् चक्कीवरचं एक गिऱ्हाईक तुटलं. पुढे लिहू का नको?

चक्कीवाली

रामराम मंडळी. आधीच सांगून ठेवतो, मी बाई आहे. आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, त्यामुळे 'लिहितो' वाचून मला भाऊ म्हणू नका. मागे एकदा इथेच प्रश्न टाकला तर तिघांनी 'दादा' करून उत्तर दिलं होतं. शाळेतली मराठी अन् घरातली मराठी दोन्ही मिसळून येते, सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या अलीकडे आमचं गाव. घरची चक्की आहे, १० हॉर्सपॉवरची मोटर, बाजूला मिरची-हळदीचं कांडप. आमचे हे वावरात असतात, चक्कीवर मी. २१ वर्षं झाली.

चक्की चालू असली की काही ऐकू येत नाही. बाया ओठ हलवतात, मी समजून घेतो. 'जाड दळ', 'बेसनावर लगेच आमचा गहू टाकू नको', 'पैसे सोमवारी'. बोलायचंच असेल तर कानाशी येऊन ओरडावं लागते. अन् मधातच लाईन गेली की चक्की एकदम गप होते, पण ओरडणारीचं तोंड लगेच थांबत नाही. एकदा एकजण माझ्या कानात आपल्या सासूचं सांगत होती, 'म्हातारीनं दूध लपवून ठेवलं' असं काहीतरी, तेवढ्यात लाईन गेली अन् 'लपवून ठेवलं' हे सगळ्या रांगेनं ऐकलं. रांगेत सासूच उभी होती, गव्हाचं पोतं घेऊन. हसून हसून माझ्या भुवयांवरचं पीठ डोळ्यात गेलं.

हे मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. असं लय काही लिहिलं आहे, दहाएक वह्या असतील. मुलगी अमरावतीला बीएस्सीला आहे, ती दिवाळीत आली, वह्या वाचल्या, म्हणाली आई याचा ब्लॉग कर. तिनंच बनवून दिला. मी रात्री जेवणं झाल्यावर फोनवर एका बोटानं टाइप करतो.

पहिला लेख त्या लपवलेल्या दुधाचा. सासू-सून दोघींना आधी वाचून दाखवला, दोघीही हसल्या. दुसरा चक्कीच्या दगडाला टाकी लावणाऱ्या म्हाताऱ्यावर. तो आता येत नाही, त्याच्या पोरानं धंदा सोडला, मला दगड दिग्रसला न्यावे लागतात. तोही ठीक गेला.

तिसऱ्यात घोळ झाला.

आमच्याकडे एक बाई दर दोन-तीन दिवसांनी थोडीशीच ज्वारी घेऊन येते. पायलीभर एकदम कधीच नाही. कारण मला माहीत आहे. कोठीला कुलूप आहे अन् किल्ली तिच्या घरच्याच्या करदोड्याला. तो मोजून काढून देतो. हे तिनं मला सांगितलं ते चक्की चालू असताना, कानाशी येऊन. मी लिहिलं, 'अडीच किलो ज्वारी, अन् करदोड्याची किल्ली'. नाव टाकलं नाही, गाव टाकलं नाही. फक्त डबा टाकला. तेलाचा पत्र्याचा डबा, तारेची कडी, हाताला रुतू नये म्हणून कडीला निळ्या काठाची चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी मला आवडायची, म्हणून लिहिली.

नाव न टाकून मी लय हुशारी केली असं मला वाटत होतं. पण चक्कीवर नावानं कोण ओळखते? डब्यानं ओळखतात. पानठेल्यावर कोणीतरी तो लेख मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर फिरला. तिच्या घरच्यानं तिला काय म्हटलं ते मला माहीत नाही, पण आता ती दळण घेऊन बाजूच्या गावी जाते, ३ किलोमीटर, पायी. काल वावरातून येताना समोर दिसली. चिंधी काढून टाकली होती, डबा नुसत्या तारेनं धरला होता.

लेख मी त्याच रात्री काढला. पण ग्रुपवर कोणीतरी लेखाचा फोटो टाकलेला आहे, तो कसा जाईल?

आता माझं असं झालं आहे की रात्री फोन घेऊन बसली तरी बोट चालत नाही. माझ्याजवळ लिहायला जे आहे ते सगळं दुसऱ्यांचंच आहे. लोक म्हणतात शकुंतलेवर लिहा, आपल्या बंद पडलेल्या रेल्वेवर. बाप्पा, तिच्यावर तर जो येतो तो लिहितो. मी दोनदा बसली तिच्यात, दोन्ही वेळा झोपली.

दोन बारक्या गोष्टी आणखी. एक, मुलगी माझं सगळं 'करतो'चं 'करते' करून टाकते. आई, लोक हसतील म्हणते. अन् फोनवर मी 'दयन' लिहिलं की तो पुढे 'दयनीय' सुचवते. खरंच दयनीय. तर कसं लिहावं, दळण की दयन? दुसरं, वाचक किती ते दाखवते तिथे सिंगापूरचे ४० जण दिसतात. माझं दळण सिंगापूरला कोण वाचते?

आमचे हे विचारतात, यातून भेटते काय. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, तुमच्याजवळ असलं तर तेही सांगा.

सेतूवाला_हिंगणघाट

ताई, सिंगापूरवाले माणसं नाहीत. इंटरनेटवर आपोआप फिरणारे प्रोग्राम असतात, ते पान उघडतात आणि जातात. माझ्या लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या ब्लॉगवरही असेच परदेशी पाहुणे येतात. तुमचे खरे वाचक म्हणजे दारव्हा, दिग्रस, अमरावती आणि कदाचित एखादा पुण्याचा.

ग्रुपवरचा फोटो परत आणता येत नाही. ज्यानं टाकला त्याच्या घरी जाऊन सांगितलं आणि त्याला वाटलं तर तो सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, तेही ठरावीक वेळेतच. ती वेळ निघून गेली असेल. ज्यांच्या फोनमध्ये सेव्ह झाला, त्यांच्याकडे राहिला. गुगलमध्ये शोधलं तर काढलेला लेख काही दिवस नुसता नावापुरता दिसतो, नंतर जातो.

यापुढे मात्र सेटिंग बघून घ्या. कमेंट आधी तुमच्याकडे येतील आणि तुम्ही हो म्हटल्यावरच दिसतील असं करता येतं. ब्लॉगच फक्त ठरावीक लोकांना दिसेल असंही करता येतं, त्यांचे ईमेल टाकायचे, १०० जणांपर्यंत चालतं. पण तुमच्या पानठेल्यावर ईमेल किती जणांना आहे, आणि ज्यांना आहे त्यांनी वाचून दाखवलं तर काय करणार, हा भाग सेटिंगच्या बाहेरचा आहे.

वह्यांचं सांगतो. त्या फेकू नका. मी २००७ पासून ऑर्कुटवर चारोळ्या लिहायचो, दोनशेच्या वर असतील, त्यातल्या पाच-सहा बऱ्या होत्या. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं. आधी सूचना दिली होती, मी म्हटलं बघू नंतर. गेलं सगळं. तुमचा ब्लॉग ज्यावर आहे ते ब्लॉगर १९९९ पासूनचं आहे, २००३ मध्ये गुगलनं घेतलं, अजून फुकट चालू आहे, पण कंपनी त्यांची आहे आणि लेख तुमचे. महिन्यातून एकदा सगळे लेख उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायला मुलीला सांगा. आणि कोणी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतो म्हणाला तर नको म्हणा. ते ब्लॉगवर चिकटवलं की नुसते चित्रविचित्र इंग्रजी अक्षरांचे खडे दिसतात. फोनचा कीबोर्ड युनिकोडच आहे, तोच बरा. बोलूनही टाइप होतं, पण ते वऱ्हाडी धड घेत नाही. मी 'काहून' म्हटलं की ते 'कानून' लिहितं.

पैशाचं भाऊजींना असं सांगा की जाहिराती लावता येतात, पण १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात काही येत नाही. तुमच्या वाचकांच्या हिशेबानं त्याला इतकी वर्षं लागतील की तोवर चक्कीचे दगड चारदा बदलावे लागतील.

पोट्टा_अकोल्याचा

दयनच लिवा ना वं माय. ज्याले समजते त्याले समजते, बाकीचे सिंगापूरले जाओ.

अन् थो पानठेल्यावर वाचून दाखवनारा कोन होय, त्याचं दयन आलं त एक घान मिरचीचं होऊन जाऊ द्या मधात.

निवृत्त_गुरुजी

वरच्या मुलाचं मिरचीचं सोडून बाकी मला मान्य आहे. मी मोर्शी तालुक्यात ३४ वर्षं शिकवलं. वर्गात 'मले' म्हणणाऱ्या मुलांना 'मला' म्हणायला लावलं, त्याबद्दल आता थोडी लाज वाटते.

भाषेबद्दल एकच सांगतो, लांबलं तर माफ करा. माझ्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर रिद्धपूर आहे. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून ज्याला मान आहे ते लीळाचरित्र महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तिथे शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ च्या आसपास सिद्ध केलं. म्हाइंभट संस्कृतचे मोठे पंडित. पण ग्रंथ लिहिला तो लोकांच्या बोलीत. त्याच पंथातले केशिराजबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय दिलं? अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. म्हणजे ज्या बायाबापड्या ऐकायला बसतात त्यांच्या हाती काही लागणार नाही. आद्य कवयित्री म्हणतात त्या महदंबेचे धवळेही, म्हणजे लग्नातली गाणी, त्याच गावचे. तेव्हा तुमच्या मुलीला सांगा की 'करतो' राहू दे. ती बीएस्सी करते आहे, हा भाग तिच्या अभ्यासात येणार नाही.

तुमची खरी अडचण दुसरी आहे आणि तिथेही मला म्हाइंभटच आठवतात. त्यांनी पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामींच्या आठवणी घरबसल्या लिहिल्या नाहीत. ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे गावोगाव जाऊन विचारलं, मग ते नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घेतलं. दुधाच्या लेखाला तुम्ही तसंच केलंत, सासू-सुनेला आधी वाचून दाखवलंत. तिसऱ्या वेळी का नाही केलंत?

आणि त्या पंथानं पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लपवले, ते इतके की बाहेरच्या कुणाला शेकडो वर्षं वाचता आले नाहीत. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा जगाला कळलं. तुम्ही नाव लपवून केलंत ते तसंच काहीसं, फक्त तुमची सांकेतिक लिपी पानठेल्यावर एका संध्याकाळीत फुटली. हिंगणघाटच्या भाऊंना जाता जाता एक सांगतो. लीळाचरित्राची मूळ पोथीही एका धाडीत गेली असं परंपरा सांगते, आणि शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. तुमच्या चारोळ्यांचंही बघा जमतं का.

कापूसकाठ

मी सहसा लिहीत नाही, वाचून जाते. आज राहवलं नाही.

मी त्या डब्यावाल्या बाईच्या बाजूनं बोलते, कारण मी तिच्या जागी होते. आमचं गाव राळेगावकडे. माझे मालक २००६ मध्ये गेले, फवारणीच्या औषधानं. पाऊस नुकताच लागला होता. त्याच पावसाळ्यात पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज झालं, आणि त्यानंतर वर्षभर आमच्या अंगणात पेपरवाले, संस्थावाले, कॉलेजची पोरं. खाट टाकून टाकून दोरी सैल झाली. शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीला आमचं प्रकरण पात्र का अपात्र याचा तेव्हा निकाल लागायचा होता. पात्र ठरलं तर १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यामुळे कोणी काही विचारलं तर नाही म्हणायची छाती नव्हती. कोण जाणे कुणाच्या लिहिण्यानं काम होईल.

एका पेपरात माझ्यावर आलं. नाव बदललेलं होतं. 'फाटक्या लुगड्यातली ती' अशी सुरुवात होती. ते वाचून माझ्या पोरीला शाळेत मैत्रिणींनी विचारलं. मला ते मरणापेक्षा जास्त लागलं, आता हसू येतं पण लागलं होतं. मी त्या दिवशी अंगण सारवत होते. सारवताना कोण चांगलं नेसतं? पेटीत माझी दोन धड पातळं होती. त्यानं हात धुऊन येईस्तोवर थांबायला पाहिजे होतं, बस एवढंच.

मी आता स्वतः लिहिते, २०१९ पासून. कोणाला दाखवत नाही, पोरीला दाखवते.

गुरुजींनी म्हाइंभटांचं सांगितलं ते चांगलंच आहे. मी साधं सांगते. ताई, तिच्या घरी जा. फोन घरी ठेवून जा. दुपारी जाऊ नका, सगळे बघतात. संध्याकाळी बाया शेताकडे निघतात त्या वेळी जा. तिच्या नवऱ्यासमोर त्या लेखाचं नाव काढू नका. माफी मागायची तर तिच्यापुढे मागा, ब्लॉगवर 'माफीनामा' असा चौथा लेख टाकू नका. तो परत तिच्यावरचाच लेख होईल.

आणि एक विचारते, राग मानू नका. तुम्ही तिच्या किल्लीवर लिहिलं. तुमच्या घरच्या किल्लीवर काही लिहिलं आहे का?

चक्कीवाली

आठ दिवसांनी लिहून रायली. सगळ्यांचे आभार.

कापूसकाठ ताई, तुमचं वाचून फोन पालथा ठेवला अन् भाकरी टाकायला गेली. आमच्या कोठीला कुलूपच नाही, हे पहिलं मनात आलं अन् बरं वाटलं. मग दुसरी भाकर तव्यावर असताना आठवलं की चक्कीच्या गल्ल्याची किल्ली ह्यांच्याजवळ असते. दिवसभर पैसे मी घेतो, सुट्टे मी देतो, रात्री कुलूप लावून किल्ली त्यांच्या हातात देतो. २१ वर्षं. कधी भांडण नाही झालं, मागितले तेवढे देतात. पण मागतो मी. हे मी दहा वह्यांत एकदाही लिहिलं नाही, अन् लिहायचं सुचलंही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे गेली. बोराच्या झाडाजवळच भेटली. मी म्हटलं, चुकलं बाई माझं. ती काही बोलली नाही. आम्ही पांदणीनं चालत रायलो. मला वाटलं आता रडेल नाहीतर शिव्या देईल. ती एकदम थांबली अन् म्हणाली, "मी तीन किलो आणतो. तू अडीच काहून लिवलं?"

मी म्हटलं, काय?

"तीन किलो रायते माही ज्वारी. घरून मोजून आणतो मी. तुह्या काट्यावर अडीच भरत होती का? अन् पैसे मंग कितीचे घेत होती तू?"

पैसे तीनचेच घेत होतो, काट्यावर तीनच भरत होती. अडीच मी लिहिताना केलं. खरं सांगतो, तीन किलो म्हटलं तर काही वाटत नव्हतं. अडीच म्हटलं की वाचणाऱ्याच्या पोटात कालवते. म्हणून केलं. ते पांदणीत उभं राहून तिला सांगताना माझी मान वर होईना. ती म्हणाली, म्हंजे तू लोकायले माही कीव याव म्हनून अर्धा किलो खाल्ला. मी हो म्हटलं.

मग किल्लीचं निघालं. तिचा घरचा त्या लेखानंतर दोन दिवस धुसफुसला अन् तिसऱ्या दिवशी किल्ली करदोड्यातून काढून खुंटीला लावली. गावात हसतात म्हणून. खुंटीवरून घ्यायची तिला अजून भीती वाटते, पण लावली आहे. यात माझी बढाई काही नाही, उलटंही होऊ शकलं असतं, तिच्या पाठीवर निघू शकलं असतं. ती स्वतः म्हणाली, तुहं नशीब बरं.

दळणाला ती अजून आली नाही. म्हणाली, काटा तपासून घे पहिले, मंग पाहू. माझ्या काट्याचं पासिंग दर वर्षी होते, शिक्का आहे, पण ती म्हणते शिक्का तिला वाचता येत नाही, तिच्यासमोर माप ठेवून दाखव. सोमवारी किराणावाल्याकडून किलो-किलोची तीन मापं आणणार आहे.

लेखाचं मीच विचारलं, परत टाकू का, का राहू देऊ. ती म्हणाली, लोकायनं त वाचलंच, आता काहाले लपवतं, पन तीन किलो लिव. अन् चिंधी निळी नाई, जांभळी होती, माह्या मायच्या लुगड्याची.

तर सेतूवाले भाऊ, काढलेला लेख दुरुस्त करून परत टाकला तर त्याच्यावर जुनीच तारीख राहते का नवी पडते? अन् ग्रुपवर जो अडीचचा फोटो फिरतो त्याच्यावर काही करता येत नाही, हे तुम्ही पक्कं सांगितलं ना?